गाणं घासून घेण्याची जुनी रीत

नव्याने गाणी लिहू लागलेल्यांच्या मनात एक समज घट्ट बसलेला असतो: खरं गाणं एकटाकी उतरतं, खाडाखोड करावी लागली तर प्रतिभाच तोकडी. या समजाला गीतरामायणाच्या आख्यायिकांनी बरंच खतपाणी घातलं. १ एप्रिल १९५५ला, रामनवमीच्या दिवशी, पुणे आकाशवाणीवरून ही मालिका सुरू झाली. आठवड्याला एक गीत, एकूण ५६ गीतं. ग. दि. माडगूळकरांचा हा झपाटा थक्क करणारा होताच. पण त्याआधी कित्येक वर्षं ते चित्रपटांसाठी लिहीत होते. १९४७च्या ‘लोकशाहीर राम जोशी’ची गाणीही त्यांची. प्रसंग, चाल आणि वेळ या तिन्ही मापांत शब्द बसवण्याचा तो सराव आख्यायिकेत कुठे येत नाही.

मराठीत गाणं सुधारण्याची रीत कागदाहूनही जुनी आहे. जात्यावरची ओवी एकीने म्हणावी, दुसरीने उचलावी, तिसरीने त्यात आपल्या भावाचं नाव घालावं. जात्याच्या फेऱ्याशी न जुळणारा शब्द आपोआप गळायचा. संशोधक गी पॉइटव्हिन आणि हेमा राईरकर यांच्या पुढाकाराने अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा झाल्या. त्यात एकाच ओवीची निरनिराळी रूपं शेजारी शेजारी वाचायला मिळतात. गीतलेखन शिकायला याहून चांगली वही मला तरी ठाऊक नाही.

पुढे संगीत नाटक आलं. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांचं ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आलं. त्या काळच्या छापील नाटकांत पदाच्या माथ्यावर ‘चाल’ म्हणून एखाद्या परिचित गाण्याची ओळ दिलेली दिसते. म्हणजे चाल आधी, शब्द मागून. नाटककाराला मात्रा मोजत, शब्द बदलत बसावंच लागे. १९११च्या ‘मानापमान’मध्ये गोविंदराव टेंब्यांच्या चालींना खाडिलकरांनी शब्द दिले. ती पदं नुसती वाचताना अवघड, खडबडीत वाटतात. गळ्यातून आली की तीच अक्षरं तानेला हवी तिथे जागा देतात. गाण्याचे शब्द वाचून नव्हे, गाऊन तपासायचे, हे तिथे लख्ख कळतं.

ग्रामोफोनच्या तबकडीने आणखी एक कात्री आणली. मिनिटाला ७८ फेऱ्या घेणाऱ्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं मावत. धृपद आणि दोन-तीन कडवी, संपलं. कवितेची उरलेली कडवी कितीही लाडकी असली तरी गाळावी लागत. भावगीताचा आटोपशीर घाट घडण्यात या कात्रीचा मोठा वाटा आहे.

मराठीची म्हणून एक खास अडचण आहे आणि नवख्यांचं गाणं बहुधा तिथेच अडतं. आपलं क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं, आणि गाण्यात ओळीचा शेवटचा स्वर लांबतो. ‘वाट तुझी मी पाहत होते’ असं लिहिलं की गायिका ‘होते’वर रेंगाळते, आणि त्या शब्दात रेंगाळण्यासारखं काहीच नसतं. ‘पाहत होते तुझीच वाट’ असं फिरवलं की स्वर ‘वा’वर उघडतो आणि वाट खरोखर लांबते. ‘मी’ गेला, पण त्याची उणीव भासत नाही. ‘होते’मधून बोलणारी कोण ते कळतंच.

अशी दुरुस्ती शिकवण्याची शिस्तशीर परंपरा उर्दूत होती. शागिर्दाने गझल उस्तादापुढे ठेवायची, उस्तादाने शब्द सुचवायचा. याला इस्लाह म्हणतात. मराठीत सुरेश भटांनी नवोदितांसाठी ‘गझलेची बाराखडी’ लिहिली आणि लघु-गुरू (ऱ्हस्व-दीर्घ उच्चाराची अक्षरं), काफिया (यमक), रदीफ (यमकानंतर येणारे तेच ते शब्द) यांचे नियम सोप्या भाषेत उलगडून दाखवले. ज्याला उस्ताद मिळणं शक्य नव्हतं, त्यालाही आपली ओळ कुठे लंगडते ते घरबसल्या तपासता येऊ लागलं.