कव्हरवर 'खान्देशी', आत अहिराणी: एका शब्दाची पार्श्वभूमी

हळदीच्या मांडवात डीजेवाल्याला 'खान्देशी लाव' म्हटलं की झुमक्याचं नाहीतर केसावरच्या फुग्यांचं गाणं सुरू होतं, मग तो मांडव धुळ्याचा असो की पिंपरी-चिंचवडचा. 'अहिराणी लाव' असं क्वचितच कुणी म्हणतं. गाणी अहिराणी बोलीतली, नाव मात्र खान्देश या मुलखाचं. हा घोळ मोबाइलमुळे झालेला नाही. शिंदखेडा, अमळनेर, पारोळा या पट्ट्यात ज्यांचं लहानपण गेलं त्यांनी तो कॅसेटच्या कव्हरवर वाचलेला आहे. मीही त्यांतलाच, त्यामुळे हे टिपण नव्वदच्या दशकाकडे झुकणार, ते आधीच सांगून ठेवतो.

कॅसेटच्या आधीचं थोडक्यात. गाणं होतं ते बायांचं: आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, झोक्यावर 'आथानी कैरी, तथानी कैरी', श्रावणात कानबाई देवीच्या रात्री, आणि जळगावकडे भुलाबाईची. पुरुषांकडे वही नावाचं लोकगायन, भजन आणि तमाशा. यांतलं काहीच विकत मिळत नव्हतं. विकतचं गाणं आलं ते मंडपवाल्याच्या भोंग्यातून, म्हणजे तबकडीवरून, आणि ते हिंदी सिनेमाचं असे. भोंग्यातून ज्यांचा आवाज यायचा त्या लता मंगेशकरांचं आजोळ तापीकाठचं थाळनेर, हे सांगणारा एक म्हातारा प्रत्येक गावात असायचा. त्यांनी आजीकडून शिकलेली लोकगीतं गुजराती होती, हे मात्र तो सांगत नसे. खान्देशात नेमकी कोणती भाषा, या प्रश्नाची पहिली खूण खरं तर तिथेच होती.

टेप घराघरात पोचला तो ऐंशीच्या दशकात. १९८३ मध्ये दिल्लीत सुरू झालेल्या एका कंपनीने कॅसेट इतकी स्वस्त केली की पानटपरीवरही ती टांगलेली दिसू लागली. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात जुनं गाणं नव्या गळ्यातून गाऊन घेण्याची वाट होती, तिचा या कंपनीने पुरेपूर फायदा उठवला. आमच्या लहानपणच्या कित्येक 'जुन्या गाण्यांचे' आवाज मूळ गायकांचे नव्हतेच, हे पुढे रेडिओवर मूळ गाणं ऐकल्यावर कळलं. खरं सांगायचं तर त्या वेळी मूळच नकली वाटलं.

पण खान्देशात टेप आणला तो सुरतेने. पावसावरची कोरडवाहू शेती, तीही कापूस-ज्वारीची, आणि भुसावळ–सुरत लोहमार्ग दारावरून गेलेला. अमळनेर, नरडाणा, दोंडाईचा, नंदुरबार या स्टेशनांवरून माणसं सुरतेतल्या उधना आणि लिंबायतला गेली, यंत्रमागावर आणि साडीच्या कारखान्यांत लागली. आखाजीला आणि दिवाळीला ती परत यायची तेव्हा खांद्यावर टू-इन-वन, म्हणजे रेडिओ-टेप, असायचा. माझा मोठा चुलतभाऊ असाच यायचा. आल्या आल्या ओट्यावर टेप मांडायचा, आवाज पूर्ण सोडायचा आणि गल्लीभर बघत राहायचा. सेल उतरले की ते दुपारभर पत्र्यावर उन्हात ठेवायचं काम आम्हा पोरांचं. त्याच्या पिशवीत गरब्याच्या कॅसेटी असायच्या, म्हणून आमच्याकडच्या नवरात्रात दांडिया मुंबईहून न येता सुरत पॅसेंजरने आला.

मग १९९५ आलं. त्या वर्षी 'मेड इन इंडिया' हा अल्बम आला, पगडीवाल्या पंजाबी गायकाचा भांगडाही त्याच वर्षीचा. केबल तालुक्याच्या गावात पोचली होती, खेड्यात नव्हती. त्यामुळे ज्याला शहरातले लोक 'पॉप' म्हणून पडद्यावर बघत होते, ते आम्ही नुसतं ऐकत होतो. गायिका कशी दिसते, व्हिडिओत काय आहे, हे शिरपूरला शिकणारी पोरं सुट्टीत येऊन सांगायची. सिनेमाशिवाय गाणं असू शकतं, त्याला नायक-नायिका लागत नाहीत, ही गोष्ट त्या दोन-तीन वर्षांत डोक्यात शिरली. आज जो तो घरच्या अंगणात गाण्याचं शूटिंग करतो आहे, त्याची मुळं मला इथे दिसतात. लोकगीतांचे अभ्यासक ती झोक्याच्या गाण्यात शोधतात. त्यांचं पूर्ण चूक नाही, पण सूर तिथला असला तरी हिंमत केबलवरची आहे.

'अल्बम' हा शब्दही तेव्हाच आला आणि आल्या आल्या अर्थ बदलून बसला. कॅसेटच्या दोन्ही बाजू मिळून अल्बम असं इतरत्र मानत. आमच्याकडे सिनेमात नसलेलं एकुलतं एक गाणं म्हणजे अल्बम. 'अल्बम साँग' हा आजचा प्रयोग ऐकून हसणाऱ्यांना ही पार्श्वभूमी ठाऊक नसते.

आपल्या बोलीतली कॅसेट याच सुमारास बाजारात दिसू लागली. पहिल्यांदा आल्या त्या हसवणाऱ्या. सुनेचं आणि सासूचं भांडण, मुंबईला गेलेला गडी, मास्तर आणि ढ पोरगा. मधे मधे एखादं गाणं. त्यापाठोपाठ लग्नाची गाणी, कानबाईची गाणी, देवाची गाणी. प्रेमाचं गाणं जवळजवळ नव्हतंच. 'मना जीव तुनावर लागना' असं कुणी टेपवर म्हटलं की ऐकणारे आधी हसायचे. शाळेत अहिराणी बोललं की छडी होती, त्यामुळे प्रेम, दुःख, देशभक्ती या गोष्टी प्रमाण मराठीत किंवा हिंदीत करायच्या आणि अहिराणीत फक्त हसायचं, अशी वाटणी आमच्या मनात पक्की झाली होती. हे पोरवयात खटकलं नाही. आता खटकतं.

या कॅसेटींच्या कव्हरवर मोठ्या अक्षरांत असायचं 'खान्देशी'. 'अहिराणी' असलंच तर खाली बारीक. आमच्या तालुक्याच्या बाजारात कॅसेट भरून देणाऱ्या दुकानदाराला मी एकदा विचारलं होतं. तो म्हणाला, 'अहिराणी लिखं ते भुसावयना गिऱ्हाईक हात लावत नही. खान्देशी लिखं ते समदा लेतस.' हिशेब सरळ होता. वाद तेव्हापासूनचा आहे आणि अजून मिटलेला नाही, म्हणून त्यात जरा खोल जावं लागेल.

खान्देश हा मुलूख आहे, आणि तोही एका आकाराचा राहिलेला नाही. फारुकी सुलतानांच्या 'खान' या किताबावरून नाव पडलं असं सर्वसाधारणपणे मानतात. त्यांची राजधानी बुऱ्हाणपूर आज मध्य प्रदेशात आहे. मालेगाव, नांदगाव, बागलाण हे तालुके १८६९ मध्ये नाशिक जिल्हा झाला तेव्हा तिकडे गेले. १९०६ मध्ये उरलेल्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले, तेच पुढे जळगाव आणि धुळे. १ जुलै १९९८ ला धुळ्यातून नंदुरबार निघाला. म्हणजे बागलाणातल्या सटाण्याचा माणूस घरात अस्सल अहिराणी बोलतो, पण कागदावर खान्देशी नाही. उलट रावेर-यावलचा लेवा पाटीदार शेतकरी कागदावर पक्का खान्देशी, पण त्याची बोली अहिराणी नाही.

लेवा बोलीचं आणि अहिराणीचं कानाला साम्य आहे. दोन्हींत 'ळ'चा 'य' होतो, 'डोळा'चा 'डोया'. दोन्हींत 'मला'चं 'माले'. पण अहिराणीत 'आहे' नाही, 'शे' आहे. 'माझी' नाही, 'मनी' आहे. असोद्याच्या ज्या बहिणाबाई चौधरींचं नाव २०१८ मध्ये जळगावच्या विद्यापीठाला दिलं गेलं, त्यांच्या कवितांत माय 'माझी' आहे, 'मनी' नाही. तरीही १९६१ च्या एका सिनेमात त्यांची रचना गाजली तेव्हापासून बाहेरचे लोक तिला बिनदिक्कत अहिराणी म्हणत आले आहेत. यावर लेवा मंडळी चिडतात, आणि त्यांचं चिडणं रास्त आहे. पण तीच मंडळी 'खान्देशी' या नावाखाली आपली आणि अहिराणीची गाणी एकाच कॅसेटमध्ये घालायला तयार असायची, कारण त्यात कुणाचं नाव पुढे होत नव्हतं. शहादा-चोपड्याकडची गुजर बोली, नवापूरची मावची, धडगावची पावरी, सातपुड्याच्या पायथ्याची तडवी यांना तर या वादात कुणी विचारलंही नाही. कव्हरवरच्या 'खान्देशी'त ती बसत होती असं मानून सगळे मोकळे झाले.

दुसऱ्या बाजूचं म्हणणं असं, की मुलखाचं नाव लावलं की भाषेचं नाव पुसतं. याला सरकारी दप्तराची साथ आहे, तीही उलटी. १९०७ मध्ये छापलेल्या भाषा सर्वेक्षणाच्या खंडाने या बोलीला 'खान्देशी' म्हणून भिल्ली भाषांच्या शेजारी बसवलं. जनगणनेतही शीर्षक 'खान्देशी' असंच असतं आणि अहिराणी त्याच्या पोटात मोजली जाते. २००१ मध्ये या शीर्षकाखाली सुमारे २० लाख ७५ हजार माणसं होती, २०११ मध्ये १८ लाख ६० हजार. माणसं कमी झाली की नाव सांगणारी कमी झाली, यावर दोन तट आहेत. मला दुसरं खरं वाटतं. पोरांच्या शाळेचा विचार करून आईबाप प्रगणकाला 'मराठी' सांगतात, आणि ओट्यावर परत येऊन अहिराणीत विचारतात, 'काय लिखी गया तो?'

'खान्देशी' शब्दाला तिसरा फाटा मालेगावने फोडला. यंत्रमागाच्या या गावात २००० च्या सुमारास गाजलेल्या हिंदी सिनेमांच्या नकला व्हिडिओ कॅमेऱ्यावर काढायचं वेड आलं, आणि त्यातून सीडीवर विकायच्या विनोदी मालिका निघाल्या. त्यांच्या नावांत 'खान्देश' असतं, पात्रं बोलतात मात्र मालेगावी हिंदी. मालेगाव १८६९ पासून नाशिकमध्ये, भाषा हिंदी, आणि पाटी खान्देशची. या मालिका आज यूट्यूबवर देशभर बघितल्या जातात, त्यामुळे बाहेरच्या लाखो लोकांच्या लेखी खान्देशी म्हणजे हीच. अहिराणीचा अभिमान असलेले लोक यावर नाक मुरडतात. मला त्यात गैर दिसत नाही. खान्देशच्या बाजारात ही हिंदी शतकभर तरी बोलली जाते आहे, तिला पाटी लावायचा हक्क का नसावा?

सीडीचा काळ छोटा होता. स्वस्त चिनी प्लेअर आले, त्याच वर्षांत बारा-बारा तासांचं भारनियमनही आलं, आणि भाड्याने टीव्ही-सीडी लावून रात्र जागवायची तर आधी जनरेटरचा बंदोबस्त करावा लागायचा. गाण्यांचा चेहरा मात्र याच काळात पहिल्यांदा दिसला. बंधाऱ्यावर, केळीच्या बागेत, लळिंगच्या किल्ल्याखाली नाचणारी जोडपी. कपडे हिंदी अल्बमसारखे, चाल अर्धी लग्नगीताची. मुख्य म्हणजे गाणं प्रेमाचं, आणि पोरं हसत नव्हती. हे कसं झालं याचं एक कारण मला साधं वाटतं: पडद्यावर गॉगल लावलेला पोरगा 'माले' म्हणाला की 'माले' हा शब्द अडाणी राहत नाही.

नंदुरबारकडे वाट वेगळी. तिथे गुजरात आणि मध्य प्रदेशाच्या सीमेवरून टिमली हे आदिवासी नाचगाणं आलं, कीबोर्डवर वाजणारं, न थांबणारं. गाडीवर बसवलेल्या बँडसमोर शेकडो माणसं एका रांगेत नाचतात. त्या गाण्यांना कुणी खान्देशी म्हणत नाही, ती 'आदिवासी' म्हणूनच विकली गेली. त्यांचा बाजार नवापूर, तळोदा ते पार दाहोद-अलीराजपूरपर्यंत, आमच्यापेक्षा मोठा. धुळ्याच्या गाणेवाल्यांनी टिमलीचा ठेका उचलला आणि तो 'खान्देशी डीजे' या नावाने परत विकला, ही देवाणघेवाण आहे की उचलेगिरी, यावर लग्नात बँडवाल्यांची भांडणं ऐकलेली आहेत.

सप्टेंबर २०१६ मध्ये मोबाइलचा डेटा जवळजवळ फुकट झाला आणि दुकानदार मधून गळाला. पुढचं सगळ्यांच्या डोळ्यांसमोरचं आहे. गाणं धुळ्यात किंवा एरंडोलला शूट होतं, रात्री यूट्यूबवर चढतं, सकाळी उधन्यातला मागवाला ते ऐकत असतो. मग त्याच्यावर कोल्हापूरचे, विदर्भाचे लोक रील करतात. अर्थ न कळता. झुमक्याच्या गाण्यातलं 'हाई' म्हणजे 'ही', एवढं साधं भाषांतर मी स्वतः पुण्याच्या ऑफिसात किमान दहा जणांना करून दिलं असेल. त्यातला एक म्हणाला, 'मला वाटलं ती हाय हाय करते.'

आता वाद सुरू आहे तो श्रेयाचा. झोक्याच्या आणि कानबाईच्या चाली उचलून त्यावर नवे शब्द बसवायचे आणि खाली गीत-संगीत स्वतःच्या नावाने लिहायचं, हे कॅसेटच्या काळातही होतंच; तेव्हा कव्हरवर निदान 'पारंपरिक' एवढा एक शब्द असायचा. आता यूट्यूबचं यंत्र चाल ओळखून दुसऱ्याचं गाणं अडवतं. आजीच्या तोंडून रेकॉर्ड केलेलं कानबाईचं गाणं चढवलं आणि त्यावर कुणातरी कंपनीचा दावा आला, असं आमच्या घरातच घडलं. आजीला समजावून सांगितलं तेव्हा तिने एवढंच विचारलं, 'त्यासनी कानबाई बसाडी व्हती का?'

नावाचा तंटा मात्र शोधाच्या चौकटीने आपल्या पद्धतीने सोडवला. आज एखादं गाणं उघडून शीर्षक वाचलं तर 'न्यू खान्देशी अहिराणी डीजे साँग' असं सगळंच एका दमात लिहिलेलं असतं, कधी मागे 'टिमली'ही जोडलेलं. जो जे शोधेल त्याला तेच सापडावं. अहिराणी हा शब्द आता बारीक अक्षरांत नाही, पण अजूनही दुसऱ्याच नंबरावर आहे.