कॉफीची साल कचरा कशी झाली, आणि परत कपात कशी येतेय

बेळगाव-खानापूर भागात रातांब्याची साल वाळवून आमसुलं होतात, बी मागे राहते. कॉफीच्या व्यापारानं नेमकं उलटं केलं: बी ठेवली, साल फेकली. येमेनमध्ये मात्र वाळलेली साल सुंठ घालून उकळायची पद्धत जुनी आहे. या पेयाला किशर म्हणतात, आणि ते बियांच्या कॉफीपेक्षा स्वस्त पडतं.

बाबा बुडन यांनी सतराव्या शतकात येमेनहून सात बिया चिकमगळूरच्या डोंगरावर आणल्या, अशी परंपरा आहे. बिया आल्या, किशर काही आलं नाही. पुढे निर्यातीसाठी मळे उभे राहिले, पल्पर, म्हणजे फळाची साल आणि गर बीपासून वेगळी करणारी यंत्रं, आले आणि ओल्या सालीचे ढीग साचू लागले. 100 किलो पिकलेल्या फळांतून सुमारे 40 किलो ओला गर-साल निघते. वाळल्यावर ती जेमतेम 8 ते 10 किलो भरते. तोडणी हिवाळ्यात, ओढ्यांना पाणी कमी असताना. अशा वेळी हा गर पाण्यात गेला की कुजताना प्राणवायू खातो आणि मासे मरतात.

1970 च्या दशकात ग्वाटेमालातल्या संशोधकांनी ही साल जनावरांना खाऊ घालून पाहिली. कॅफिन आणि टॅनिनमुळे मात्रा फार वाढवता येईना. म्हैसूरच्या सीएफटीआरआय या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेनं पुढे साल आणि कोंड्यातला तंतू, रंगद्रव्यं व अँटिऑक्सिडंट यांवर काम केलं. जानेवारी 2022 मध्ये युरोपीय संघानं वाळलेली साल आणि तिचा काढा खाद्य म्हणून मंजूर केला. प्रमाण 100 मिली गरम पाण्याला जास्तीत जास्त 6 ग्रॅम.

खरी अडचण वाळवणीत आहे. फक्त लाल फळं घ्यायची, धुवून त्याच दिवशी पल्परमधून काढायची आणि साल लगेच जाळीच्या मांडवावर पातळ पसरायची. थर तीन सेंटिमीटरच्या आत, दिवसातून अनेकदा हलवायचा. रात्रभर ढीग राहिला तर साल आंबते, काळी पडते, बुरशी धरते. त्या बुरशीचं ऑक्रॅटॉक्सिन हे विष उकळूनही जात नाही. ओलावा 12 टक्क्यांखाली गेल्याशिवाय पोत्यात भरू नये; दुमडल्यावर साल कट्कन मोडायला हवी.

रोबस्टा या कॉफीच्या जातीचं बरंचसं फळ अख्खंच वाळवतात. त्या वाळलेल्या फळाचं, म्हणजे ‘चेरी’चं, हलिंग (यंत्रानं सोलणी) केल्यावर निघणारा कोंडा म्हणजे साल आणि पार्चमेंट या बीवरच्या कडक कवचाची सरमिसळ, शिवाय आठवडे अंगणात पडलेली. तो खतात किंवा भट्टीतच बरा.

बेळगावकडे मळे नसले, तरी कॉफी भाजणाऱ्याकडे बीवरून उडणारा पातळ पापुद्रा हाही उपपदार्थच. त्यात निम्म्याहून जास्त तंतू असतो, म्हणून बिस्किटं-पावात तो वापरून पाहिला गेलाय. भाजणी करपली की तो कडू लागतो.

‘आरोग्यवर्धक’ हा शब्द पाकिटावर सैल हातानं छापला जातो. सालीत क्लोरोजेनिक आम्ल हे अँटिऑक्सिडंट आहे हे खरं; एवढ्यावरून तिला मधुमेहाचं औषध म्हणणं चूक. शिवाय तिच्यात कॅफिन असतं. ज्यांना रात्री कॉफी सोसत नाही, त्यांनी हा काढाही दुपारपर्यंतच घ्यावा.