पट शिकवताना अडलेला पठ्ठ्या

कोल्हापुरात गंगावेशीच्या बाजूला एका तालमीत संध्याकाळी बसलो होतो. वस्तादांनी एका तयार पठ्ठ्याला हाक मारली, "ह्या बारक्याला एकेरी पट दाव." एकेरी पट म्हणजे वाकून समोरच्याचा एक पाय धरायचा डाव. पठ्ठ्या वाकला आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत पोराचा पाय त्याच्या हातात होता. पोरगं लाल मातीतून उठलं आणि म्हणालं, "दादा, आधी हात घालायचा का डोस्कं?"

पठ्ठ्या थबकला. हजार वेळा मारलेला पट, पण क्रम सांगता येईना. त्यानं तोच पट हळू करून पाहिला, परत पाहिला. मग म्हणाला, "आधी डोस्कं आत. हात मागनं आपसूक जातोय बघ."

शिकण्याच्या विज्ञानातली फार मोठी गोष्ट त्या थबकण्यात आहे. सरावानं अंगात मुरलेली हालचाल शब्दांवाचून चालते. दुसऱ्याला सांगायची वेळ आली की ती आठवून, सुटी करून, क्रमानं मांडावी लागते, आणि मधले गाळलेले दुवे तिथंच उघडे पडतात. बुद्धीच्या कामातही हेच होतं. येल विद्यापीठातल्या लिओनिड रोझेनब्लिट आणि फ्रँक काईल यांनी 2002 साली लोकांना विचारलं, कुलूप किंवा शिलाई मशीन कसं चालतं हे तुम्हाला किती कळतं? लोकांनी स्वतःला बरे गुण दिले. मग टप्प्याटप्प्यानं लिहून समजावायला सांगितल्यावर त्याच लोकांनी आपले गुण आपणच कमी केले. एकट्यानं वाचताना ही पोकळी जाणवत नाही, कारण आपलं मन गाळलेल्या जागांवरून सहज उडी मारून जातं.

पण दोघांनाही येत नसेल तर? आंधळ्यानं आंधळ्याला वाट दाखवावी, तसंच ना? मलाही बरीच वर्षं तसंच वाटायचं. अमेरिकेत कोलोरॅडो विद्यापीठाच्या आनुवंशिकीच्या वर्गात हे तपासलं गेलं आणि 2009 साली 'सायन्स' या नियतकालिकात छापून आलं. प्रश्नाचं उत्तर आधी प्रत्येकानं एकट्यानं दिलं: सरासरी 52 टक्के बरोबर. शेजाऱ्याशी चर्चा झाल्यावर त्याच प्रश्नाला 68 टक्के. नुसती नक्कल झाली असेल, ही शंका रास्तच होती, म्हणून त्याच संकल्पनेवरचा नवा प्रश्न पुन्हा एकट्यानं सोडवायला दिला. तिथं 73 टक्के बरोबर आले. ज्या गटांत सुरुवातीला कुणालाच उत्तर येत नव्हतं, त्यांचीही समज वाढली होती. चुकीची दोन उत्तरं समोरासमोर आली की प्रत्येकाला 'का?' सांगावं लागतं, आणि त्या 'का'पाशी निदान एक चूक टिकत नाही.

शाहू महाराजांनी 1901 पासून कोल्हापुरात एकामागून एक वसतिगृहं उभी केली. खेड्यातल्या पोरांना राहायला जागा मिळाली, हे आपण अभिमानानं सांगतो. त्या खोल्यांतून रात्री एकमेकांना समजावून सांगितलेली गणितं मात्र कुठल्याच दप्तरात नोंदलेली नाहीत, आणि मला तीही तेवढीच मोलाची वाटतात. आज गावात स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिका आहेत, आणि भिंतीवर 'शांतता राखा'ची पाटी. शांतता हवीच. पण प्रत्येक अभ्यासिकेला बोलायला एक कट्टाही हवा.

परवा एका अभ्यासिकेबाहेर चहाच्या गाड्यावर दोन मुली बिलाच्या मागं पेननं चौकटी आखत होत्या. "थांब, हे जनुक तिकडं कसं गेलं?" एकीनं विचारलं. दुसरीनं पेन उचललं, आणि तिचा हात तसाच हवेत राहिला.