मिक्स प्लास्टिकमधून तेल : कॅटलिस्ट एवढ्या लवकर का बाद होतो?

प्लास्टिकपासून तेल म्हटलं की सगळे मशीनचीच चौकशी करतात, पण या धंद्याचं गणित बिघडतं ते बहुतेक वेळा कॅटलिस्ट, म्हणजे लांब रेणू तोडायची क्रिया घडवून आणणारा पण स्वतः खर्च न होणारा पदार्थ, बाद झाल्यामुळे, आणि हे दुखणं प्लास्टिकच्या आधीपासूनचं आहे, पेट्रोलच्या जमान्यातलं.

१९३७ साली अमेरिकेत मार्कस हुकच्या रिफायनरीत यूजीन हुड्री या फ्रेंच इंजिनिअरने कॅटलिस्टवर जड तेल तोडून पेट्रोल काढलं. काही मिनिटांतच कॅटलिस्टवर कार्बनचा काळा थर म्हणजे कोक बसायचा, मग तेल बंद, हवा सोडून कोक जाळायचा, परत तेल चालू. १९४२ मध्ये अमेरिकेतल्याच बॅटन रूजच्या रिफायनरीत कॅटलिस्टची पावडर दोन भांड्यांत सतत फिरवायला लागले, एकात तेल तुटतं, दुसऱ्यात कोक जळतो आणि त्याच उष्णतेवर पहिलं भांडं चालतं. मुंबईत माहुलच्या आपल्या रिफायनऱ्यांतही याच जातीची युनिट आहेत. म्हणजे नुसत्या कोकवर इलाज तेव्हाच सापडला होता.

पुढे झिओलाइट, म्हणजे बारीक छिद्रांचे स्फटिक, कॅटलिस्ट म्हणून आले, १९७२ मध्ये त्यातल्या झेडएसएम-५ या प्रकाराचं पेटंट झालं, ज्याची छिद्रं जेमतेम अर्ध्या नॅनोमीटरची. प्लास्टिकची लांबलचक साखळी त्यात शिरतच नाही, ती बाहेरच तुटते आणि छिद्राच्या तोंडाशी कोक धरतो. तरी हा कोक जाळता येतो हो, खरी पंचाईत जे जळत नाही त्याची आहे. पाइपांच्या पीव्हीसी प्लास्टिकमध्ये वजनाने ५७ टक्के क्लोरीन, तापवलं की हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड निघतं आणि ते झिओलाइटच्या सांगाड्यातलं अ‍ॅल्युमिनियमच काढून नेतं. पिशव्यांत भरलेलं कॅल्शियम कार्बोनेट आहे, वर्सोव्याच्या किनाऱ्यावरून उचललेल्या प्लास्टिकला चिकटलेलं मीठ आहे, त्यातलं सोडियम कॅटलिस्टच्या अ‍ॅसिडिक जागा, म्हणजे जिथे साखळी तुटते त्याच, मारतं, आणि हे कितीही जाळा, जात नाही.

जर्मनीत बीएएसएफ या केमिकल कंपनीने १९९४ मध्ये लुडविग्सहाफेनला वर्षाला १५,००० टनांचा पायलट प्लांट काढला, त्यात आधी प्लास्टिक ३०० अंशांच्या आसपास वितळवून क्लोरीन बाहेर काढायचे आणि मगच पुढे तोडायचे. १९९६ मध्ये तो बंद पडला, कारण मोठ्या प्लांटला पुरेसा कचरा परवडेल अशा दराने मिळेल याची खात्री नव्हती.

मुंबईत २६ जुलै २००५ च्या पुरानंतर नाले तुंबवल्याचं बोट पिशव्यांवर आलं, २०१८ मध्ये राज्यात बंदी आली, पण क्लोरीनवालं प्लास्टिक वेगळं काढायचं काम धारावीत आधीपासून हाताने होतंय. तुकडे पाण्यात टाकले की पीई-पीपी (पिशव्या, डबे) तरंगतं, पीव्हीसी आणि पेट (पाण्याच्या बाटल्या) तळाला जातं, शंका आली तर कोपरा जाळून वास घ्यायचा, आणि तो धूर छातीत जातो या माणसांच्या, याचा हिशोब कुठल्याच प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये नसतो हे मला फार खटकतं. चांगला माल वितळवून परत प्लास्टिकचे दाणे करायला जातो. केमिकल रिसायकलिंगच्या, म्हणजे या तेल काढण्याच्या धंद्याच्या, वाट्याला उरतात वेफर्सची पाकिटं, म्हणजे पीई, पेट, अ‍ॅल्युमिनियम, शाई आणि गोंद एकावर एक, जी पाण्यातही सुटी होत नाहीत. म्हणूनच आता बरेच जण आधी कॅटलिस्टशिवाय प्लास्टिक तापवतात, निघालेली वाफ चुन्यावरून नेऊन अ‍ॅसिड पकडतात आणि मगच ती झिओलाइटवर सोडतात, म्हणजे राख, मीठ आणि कॅल्शियम पहिल्याच भांड्यात राहतं.