उभ्या गाडीची झोपमोड

इलेक्ट्रिक गाडी आठवडाभर जागची हललेली नसते, तरी बॅटरीचा आकडा पाच-सात टक्क्यांनी उतरलेला दिसतो. पहिला संशय अर्थातच बॅटरीवर जातो, आणि तो बहुतेक वेळा चुकीचा असतो. लिथियम-आयन सेल कशालाही न जोडता नुसता ठेवला, तर सामान्य तापमानाला तो महिन्याभरात सहसा दोन-तीन टक्क्यांपेक्षा जास्त चार्ज गमावत नाही. बाकीची वीज गाडीच खाते. किती खाते, ते तिला झोप लागली की नाही यावर ठरतं.

ईव्हीत बॅटऱ्या सहसा दोन असतात. चाकं फिरवणारी मोठी, बहुतेक गाड्यांत ४०० किंवा ८०० व्होल्ट गटातली. आणि दिवे, कुलपं, वायपर व सगळे संगणक चालवणारी छोटी, बहुधा १२ व्होल्टची. गाडी बंद होऊन झोपली की कॉन्टॅक्टर नावाचे दणकट विद्युतचुंबकी स्विच उघडतात आणि मोठी बॅटरी बाकी गाडीपासून तुटते. मग सगळा भार छोटीवर. किल्लीची चाहूल घेणारा रिसीव्हर, अलार्म, मोबाइल नेटवर्कवर कान ठेवून बसलेला मोडेम, एवढेच अर्धवट जागे असतात. सगळे मिळून ३० मिलिअँपिअर ओढत असतील, तर तो भार अर्धा वॅटसुद्धा नाही. छोटीचा व्होल्टेज फार उतरला, तर अनेक गाड्या आपल्या आपण उठतात, मोठीतून तिला भरतात आणि पुन्हा झोपतात.

जाग्या गाडीचा खर्च मात्र वेगळाच. मुख्य संगणक चालू, कॉन्टॅक्टर जोडलेले ठेवायला त्यांच्या कॉइलमधून सतत प्रवाह, कधी कूलंटचा पंप, आणि मोठ्या बॅटरीची वीज १२ व्होल्टवर आणणारा कन्व्हर्टर. तो बांधलेला असतो दोन-तीन किलोवॅटसाठी. इतक्या कमी भारावर त्याची कार्यक्षमता घसरते. सगळं धरून २०० वॅट झाले, तर २४ तासांत ४.८ युनिट जातात. ६० युनिटच्या बॅटरीतले हे आठ टक्के! तीच गाडी झोपेत सरासरी पाच वॅट घेत असेल, तर दिवसाला जेमतेम ०.२ टक्के.

मग गाडी नीट झोपत का नाही? कारण झोपायचा निर्णय कुणा एकाचा नसतो. गाडीत डझनावारी छोटे संगणक एकाच संदेशजाळ्यावर असतात, आणि ‘मला अजून काम आहे’ असं त्यांतला एक जरी म्हणत राहिला, तरी बाकीच्यांना झोपता येत नाही. तान्हं मूल रडत असलं की अख्खं घर जागं असतं, तसंच. अर्धवट लागलेलं दार, गाडीजवळच ठेवलेली किल्ली, सॉफ्टवेअरमधली एखादी चूक, काहीही पुरतं.

आणि मालकाचं ॲप. सर्व्हरवर साठवलेला जुना आकडा पाहिला तर काही बिघडत नाही. पण ताजी माहिती मागितली की गाडी उठते. परत झोपायला तिला पंधरा मिनिटं लागली, तर त्या एका डोकावण्याची किंमत झाली ५० वॅट-तास. चार्ज उतरतोय का, हे सारखं बघणाराच तो उतरवत असतो! दर काही मिनिटांनी गाडीला विचारणा करणारी बाहेरची, म्हणजे गाडीच्या कंपनीची नसलेली ॲप्स तर तिला झोपूच देत नाहीत. टेस्लाच्या सेंट्री मोडसारख्या, उभ्या गाडीवर पहारा ठेवणाऱ्या सोयी उघडपणेच वीज घेतात, कारण कॅमेरे आणि संगणक जागे ठेवणं हेच त्यांचं काम. म्हणून तर मोठी बॅटरी २० टक्क्यांवर आली की हा मोड बंद होतो.

खरी अडचण छोटी बॅटरी संपली की होते. कॉन्टॅक्टर जोडायलाही तिचीच वीज लागते. त्यामुळे मोठीत ८० टक्के चार्ज असूनही गाडी सुरू होत नाही, काही गाड्यांचं तर दारही नेहमीसारखं उघडत नाही. छोटी लेड-ॲसिडची असेल, तर वारंवार पूर्ण उतरल्याने तिच्या प्लेटांवर लेड सल्फेटचे घट्ट स्फटिक धरतात आणि ती कायमची अशक्त होते.

सगळी घट खरीच असते असंही नाही. थंडीत काही वीज तात्पुरती वापरता येत नाही, म्हणून आकडा खाली दिसतो. बॅटरी गरम झाली की तो बराचसा परत येतो. शिवाय मोठ्या बॅटरीचा स्थिर व्होल्टेज काही तास विश्रांती मिळाल्यावरच नीट मोजता येतो. तो मिळाला की गाडी आपला अंदाज सुधारते, आणि एखादा टक्का वीज खर्च न होताच नाहीसा होतो.

आपली गाडी झोपते का, हे तपासायला कान पुरतात. बऱ्याच गाड्यांत रात्रभर उभी असलेली गाडी उघडताना कॉन्टॅक्टर जोडल्याचा ‘खट्’ आवाज येतो. पूर्वी येणारा तो आवाज आता येत नसेल आणि चार्जही उतरत असेल, तर आधी बाहेरची ॲप्स तोडावीत, मग पहारा आणि केबिन थंड ठेवण्यासारख्या सोयी एकेक करून बंद कराव्यात, आणि प्रत्येक बदलानंतर दोन दिवस ॲप न उघडता आकडा पाहावा. तरीही फरक पडला नाही, तर सर्व्हिस सेंटरला छोट्या बॅटरीची तपासणी करायला सांगावं.