हवाई सुरक्षेसाठी शेजारी देशांची मोट : पार्श्वभूमी

ज्या देशाकडे जेमतेम चार-पाच प्रवासी विमाने आहेत, त्यालाही कागदोपत्री तेच सगळे करावे लागते जे शेकडो विमाने असलेल्या देशाला करावे लागते. विमान वाहतुकीचा कायदा हवा, नियमावली हवी, वैमानिक आणि तंत्रज्ञांना परवाने देणारी यंत्रणा हवी, विमान उड्डाणयोग्य आहे की नाही हे पाहणारे अभियंते हवेत. शिवाय कॉकपिटमध्ये बसून कंपनीच्या वैमानिकाचे काम तपासू शकेल असा, स्वतः त्याच प्रकारच्या विमानाचे प्रशिक्षण घेतलेला निरीक्षक हवा. असा माणूस सरकारी पगारात सहसा मिळत नाही आणि मिळालाच तर टिकत नाही, कारण विमान कंपनी त्याला कितीतरी जास्त देते. प्रादेशिक सहकार्याच्या गोष्टीचे मूळ या अडचणीत आहे. बंधुभावाची भाषा जाहीरनाम्यांत नंतर आली.

ही अडचण १९४४ च्या शिकागो करारातच दडलेली होती. प्रत्येक देशाचे आपल्या हवाई हद्दीवर पूर्ण सार्वभौमत्व असते, हे तत्त्व १९१९ च्या पॅरिस कराराने आधीच मांडले होते. शिकागोत जमलेल्या देशांनी ते पहिल्याच कलमात कायम ठेवले. ७ डिसेंबर १९४४ रोजी ५२ देशांनी करारावर सह्या केल्या, ४ एप्रिल १९४७ रोजी तो लागू झाला आणि माँट्रियलमध्ये आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटना, म्हणजे आयसीएओ, उभी राहिली. करारातले ३३ वे कलम फारसे चर्चेत येत नाही, पण सगळा डोलारा त्यावर उभा आहे. एका देशाने दिलेले उड्डाणयोग्यतेचे प्रमाणपत्र किंवा वैमानिकाचा परवाना किमान मानकांनुसार असेल, तर इतरांनी तो मान्य करायचा, असे ते सांगते. तो खरोखर मानकांनुसार आहे का, हे कोणी पाहायचे याबद्दल मात्र करार गप्प होता. पुढची जवळपास पन्नास वर्षे देश एकमेकांच्या शब्दावर विसंबून राहिले.

सुरुवातीचे सहकार्य सुरक्षेच्या देखरेखीसाठी नव्हते, उड्डाणमार्गावरच्या सोयींसाठी होते. उत्तर अटलांटिकवरून प्रवासी विमाने नियमित उडू लागली तेव्हा वाटेत हवामान सांगणारे कोणी नव्हते. समुद्र कोणाच्याच मालकीचा नसल्याने खर्च कोणी करायचा हा प्रश्न होता. १९४६ मध्ये दोन्ही किनाऱ्यांवरच्या देशांनी महासागरात हवामान जहाजांची १३ ठाणी ठेवायचे ठरवले. ही जहाजे ठरलेल्या जागी राहून हवामानाची निरीक्षणे पाठवत, आणि विमान समुद्रात उतरवावे लागले तर बचावाला जात. ग्रीनलँड आणि आइसलँडमधल्या सेवांचा खर्च वाटून घेण्यासाठी १९५६ मध्ये जिनिव्हात वेगळे करार झाले. तिथल्या आकाशातून जाणारी बहुतेक विमाने परक्या देशांची असत, तेव्हा सगळा भार त्या दोन प्रदेशांवर टाकणे कोणालाच पटणारे नव्हते. पैशाचा हिशेब सरळ असला की सरकारे झटकन एकत्र येतात, हे तेव्हापासून दिसते.

आफ्रिकेत आणि मध्य अमेरिकेत याच्या पुढचे पाऊल पडले. १२ डिसेंबर १९५९ रोजी सेनेगलमधल्या सेंट लुई येथे आसेक्ना ही संस्था जन्मली. फ्रेंच वसाहती स्वतंत्र होण्याच्या बेतात होत्या, आणि प्रत्येक नव्या देशाने आपापले नियंत्रण केंद्र, रेडिओ व हवामान सेवा उभारणे परवडणारे नव्हते. डाकारमध्ये मुख्यालय असलेली ही संस्था आजही आफ्रिकेच्या फार मोठ्या आकाशात हवाई वाहतूक सेवा देते. फ्रान्स अजून सदस्य आहे, आणि या संस्थेच्या वसाहतकालीन वळणाबद्दल आफ्रिकेत कुरबुर चालूच असते. १९६० मध्ये मध्य अमेरिकेतल्या देशांनी अशीच सामायिक सेवा देणारी कोसेस्ना ही संस्था उभारली. त्याच वर्षी युरोपात युरोकंट्रोलचा करार झाला. उंचावरचे सगळे आकाश एकत्र सांभाळायचे, हा मूळ बेत होता. लष्करी कारणांनी मोठे देश हात आखडते घेत गेले, आणि त्या स्वप्नाचा जो तुकडा प्रत्यक्षात उतरला तो म्हणजे मास्ट्रिक्टचे केंद्र. बेल्जियम, नेदरलँड्स, लक्झेंबर्ग आणि वायव्य जर्मनीचे वरचे आकाश तिथून चालते.

देखरेखीचा प्रश्न ऐरणीवर आला तो अपघातांमुळे. २५ जानेवारी १९९० रोजी कोलंबियाच्या आव्हियांका कंपनीचे बोइंग ७०७ न्यूयॉर्कजवळ इंधन संपून कोसळले. विमान बराच वेळ आकाशात घिरट्या घालत थांबले होते, आणि वैमानिकांनी आणीबाणी जाहीर करणारे नेमके शब्द नियंत्रकाला सांगितलेच नव्हते. ७३ जण दगावले. यानंतर परदेशी कंपन्यांच्या देखरेखीचा प्रश्न अमेरिकेत जोरात विचारला जाऊ लागला. १९९२ मध्ये अमेरिकेच्या एफएएने, म्हणजे तिथल्या विमान वाहतूक प्रशासनाने, वेगळाच मार्ग काढला. परदेशी कंपनी तपासण्याऐवजी त्या कंपनीवर देखरेख ठेवणारे सरकार आयसीएओची मानके पाळते का, हे तपासायचे. उत्तर ‘नाही’ आले तर देश दुसऱ्या श्रेणीत, आणि त्याच्या कंपन्यांना अमेरिकेत नवी उड्डाणे बंद. भारतालाही हा चटका बसला. जानेवारी २०१४ मध्ये आपण दुसऱ्या श्रेणीत घसरलो आणि एप्रिल २०१५ मध्ये परत पहिल्या श्रेणीत आलो.

युरोपला धक्का दिला तो बिर्गेनएअरच्या अपघाताने. ६ फेब्रुवारी १९९६ रोजी डोमिनिकन प्रजासत्ताकातल्या पुएर्तो प्लाताहून निघालेले बोइंग ७५७ समुद्रात पडले आणि १८९ जण गेले. विमान व चालक कंपनी तुर्की, फेरी एका डोमिनिकन कंपनीच्या नावाने, आणि प्रवासी बहुतांशी जर्मन. वेग मोजणारी एक पिटो नळी बुजली होती, बहुधा किड्याच्या घरट्याने, कारण विमान उभे असताना तिच्यावर झाकण घातलेले नव्हते. देखरेख कोणत्या सरकारची, हा प्रश्न त्या वेळी जर्मनीत फार त्वेषाने विचारला गेला. त्याच वर्षी युरोपीय देशांनी एकत्र येऊन परदेशी विमानांच्या अचानक तपासण्या सुरू केल्या.

ही तपासणी विमान उभे असतानाच, दोन उड्डाणांमधल्या वेळात होते. निरीक्षक पायऱ्या चढून कॉकपिटमध्ये जातो, परवाने आणि वैद्यकीय प्रमाणपत्रांच्या तारखा पाहतो, नकाशे ताजे आहेत का ते बघतो. केबिनमधली लाइफ जॅकेट्स, दारांच्या आपत्कालीन घसरगुंड्या, अग्निशामक यांच्यावरून नजर फिरवतो. खाली उतरून टायरची झीज, ब्रेक, इंजिनाच्या पंख्याची पाती आणि मालाच्या कक्षातले बांधणीचे पट्टे पाहतो. एवढ्या वेळात देखभालीचे खोलवरचे दोष सापडत नाहीत, पण कंपनीची शिस्त कळते. महत्त्वाचे म्हणजे पॅरिसमध्ये सापडलेली त्रुटी सामायिक नोंदीतून मिलान किंवा अॅम्स्टरडॅमलाही दिसते.

तरीही माहिती सरकारांमध्येच फिरत होती. ३ जानेवारी २००४ रोजी इजिप्तच्या फ्लॅश एअरलाइन्सचे विमान शर्म अल शेखहून उडताच तांबड्या समुद्रात पडले. मृतांची संख्या १४८, आणि त्यांतले बहुतेक फ्रेंच पर्यटक. या कंपनीवर स्वित्झर्लंडने २००२ मध्येच बंदी घातली होती, हे फ्रान्समधल्या लोकांना अपघातानंतर कळले. अपघाताच्या कारणावर तपास पथकांचे एकमत झाले नाही, पण लोकांच्या संतापाला त्याची गरज नव्हती. मार्च २००६ मध्ये युरोपीय संघाची पहिली सामायिक बंदी यादी निघाली. तिच्यात नव्वदहून अधिक कंपन्या होत्या, त्यांतल्या बहुतेक आफ्रिकी देशांतल्या. पुढे २००७ मध्ये इंडोनेशियाच्या सगळ्या कंपन्या तिच्यात गेल्या, आणि डिसेंबर २०१३ पासून नेपाळच्याही.

बंदी याद्यांचा धाक चालतो, यात शंका नाही. इंडोनेशिया २०१८ पर्यंत पूर्ण बाहेर पडला तो बराच घाम गाळून. पण ज्या देशाकडे निरीक्षकच नाहीत, त्याला यादीत टाकल्याने निरीक्षक उगवत नाहीत. आयसीएओने १९९९ पासून सर्व सदस्य देशांचे सक्तीचे ऑडिट सुरू केले तेव्हा हे उघड्यावर आले. कायदा, नियम, संस्था, मनुष्यबळ, मार्गदर्शन, परवाने, सततची पाहणी आणि सापडलेल्या दोषांचे निराकरण, अशा आठ घटकांवर देशाची परीक्षा होते. कायदे करणे त्यातल्या त्यात सोपे, शेजाऱ्याचे उतरवूनही काम भागते. प्रशिक्षित माणसे आणि सततची पाहणी, इथे बहुतेकांचे घोडे अडते.

यातून ‘निरीक्षक वाटून घ्या’ हा विचार पुढे आला. दक्षिण आशियात नव्वदीच्या दशकाच्या अखेरीस आयसीएओच्या छत्राखाली कॉस्कॅप हा प्रकल्प सुरू झाला. बांगलादेश, भूतान, भारत, मालदीव, नेपाळ, पाकिस्तान आणि श्रीलंका त्यात सामील झाले. तो सार्कच्या नाही तर आयसीएओच्या झेंड्याखाली होता, हे बरे झाले. सार्कची गाडी कधी रुळावर असते आणि कधी नसते, हे सगळ्यांना ठाऊक आहे. लॅटिन अमेरिकेत लिमा येथून चालणारी व्यवस्था एकसारखी नियमावली तयार करू लागली. प्रशांत महासागरातल्या छोट्या बेटांनी २००४ मध्ये करार करून वानुआतूत सामायिक कार्यालय थाटले. पूर्व आफ्रिकेने २००७ मध्ये कासोआ ही सामायिक देखरेख संस्था स्थापन केली, तिचे ठाणे युगांडात एंटेबे येथे. पूर्व कॅरिबियनमधली बेटे आणखी पुढे गेली आणि त्यांनी एकच प्राधिकरण ठेवले.

यांतल्या बहुतेक संस्था सल्ला देतात, माणूस पाठवतात, अहवाल लिहितात. सही मात्र त्या-त्या देशाच्या अधिकाऱ्याचीच. खरा अधिकार वर सरकला तो युरोपात. १९७० पासून चालत आलेले अनौपचारिक सहकार्य बाजूला ठेवून २००२ च्या कायद्याने ईएएसए ही युरोपीय विमान सुरक्षा संस्था आली, आणि नव्या विमानाच्या रचनेला मंजुरी देण्याचे काम देशांकडून तिच्याकडे गेले. याच्या उलट उदाहरण जुन्या सोव्हिएत प्रदेशाचे. डिसेंबर १९९१ मध्ये मिन्स्कला झालेल्या कराराने आंतरराज्यीय विमान समिती निघाली. विमानांची प्रमाणपत्रे आणि अपघातांचा तपास ही दोन्ही कामे तिच्याकडे. २०१५ मध्ये तिने बोइंग ७३७ चे प्रमाणपत्र स्थगित केले, रशियाच्या विमान प्रशासनाने ते जुमानले नाही, आणि थोड्याच दिवसांत रशियाने प्रमाणपत्रे देण्याचा अधिकारच तिच्याकडून काढून घेतला.

अधिकार वाटला म्हणून जबाबदारीही वाटली जाते का? १ जुलै २००२ च्या रात्री जर्मनीतल्या युबरलिंगेन गावावर दोन विमाने हवेत धडकली, तेव्हा हा प्रश्न कोर्टात गेला. आकाश जर्मनीचे, पण नियंत्रण झुरिकच्या स्विस कंपनीचे. कामावर एकच नियंत्रक होता आणि दुरुस्तीसाठी मुख्य फोनलाइन बंद होती. जर्मनीत कार्ल्सरूहच्या नियंत्रकाला धोका दिसत होता, त्याने फोन लावून पाहिला, पण तो लागेना. ७१ जण गेले, त्यांत बरीच शाळकरी मुले. २००६ मध्ये कॉन्स्टान्झच्या न्यायालयाने जर्मन सरकारला जबाबदार धरले. आकाश दुसऱ्याकडे सोपवताना दोन देशांत रीतसर करार झालेला नव्हता. शिकागो कराराच्या पहिल्या कलमाचा हा थेट परिणाम होता, आणि प्रादेशिक संस्थांवरच्या वाटाघाटी इतक्या रेंगाळतात त्यामागे सरकारांची हीच भीती असते.

आशिया-प्रशांतमध्ये सध्या जाहीरनाम्यांचा काळ आहे. २०१८ मध्ये बीजिंगला मंत्री जमले, सप्टेंबर २०२४ मध्ये दिल्लीला, आणि दोन्ही ठिकाणी सामायिक सुरक्षा उद्दिष्टांना मंजुरी मिळाली. भारताचा स्वतःचा ऑडिटमधला गुण २०२२ मध्ये सुमारे ७० टक्क्यांवरून ८५ टक्क्यांवर गेला. पण या प्रदेशात आकाश अजूनही राजकारणाने बंद होते. २०१९ मध्ये पाकिस्तानने आपली हवाई हद्द फेब्रुवारी ते जुलै मिटून ठेवली, आणि २०२५ मध्ये भारत व पाकिस्तानने एकमेकांच्या विमानांना पुन्हा दारे लावली.

सगळ्यांत मागे राहिलेला भाग अपघात तपासाचा. शिकागो कराराच्या १३ व्या परिशिष्टानुसार अपघात जिथे झाला त्या देशाने तपास करायचा, आणि नोंदणी, चालक कंपनी, रचना व निर्मिती यांच्याशी संबंधित देशांचे प्रतिनिधी त्यात बसतात. विमान कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या खात्यापासून तपास यंत्रणा स्वतंत्र असावी, ही अपेक्षा. वर्षानुवर्षे एकही मोठा अपघात न पाहणाऱ्या छोट्या देशाला असे तपासनीस पोसणे परवडत नाही, आणि ज्या दिवशी गरज पडते त्या दिवशी ते नसतात. पश्चिम आफ्रिकेतल्या बांजुल करारात सामील देशांच्या गटाने सामायिक अपघात तपास संस्था उभारली आहे. इतर बहुतेक प्रदेशांत हे काम अजून परस्परांना तज्ज्ञ उसने देण्याच्या समझोत्यांवरच चालते.