खाणजमीन पुनर्स्थापनेचे अंदाजपत्रक (वाळू-खडी)

वाळू, गोटे, खडी काढून झाल्यावर उरलेला खड्डा सुरक्षित आणि पुन्हा वापरण्याजोगा करायला किती पैसे लागतील, याचा आगाऊ हिशेब. खाणमालकाकडून घ्यायच्या तारणाची रक्कम यावरून ठरते. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात १९७५ च्या ‘सरफेस मायनिंग अँड रेक्लमेशन ॲक्ट’खाली ही पद्धत चांगलीच बांधेसूद झाली आहे.

तिथले गृहीतक सरळ आहे: मालक बुडाला किंवा पसार झाला आणि काम सरकारला ठेकेदार लावून करावे लागले. म्हणून मालकाचा स्वतःचा डोझर दारात उभा असला तरी भाडे बाजारभावानेच धरतात. मजुरी, यंत्रे जागेवर आणण्याचा खर्च, देखरेख, ठेकेदाराचा नफा आणि अनपेक्षित खर्चाची तरतूद त्यात मिळवतात. खाणीची दरवर्षी तपासणी होते आणि अंदाजपत्रक सुधारले जाते. खणलेल्या जमिनीबरोबर येत्या वर्षात खणायची जमीनही त्यात येते. पूर्ववत झालेला भाग वगळला जातो. तारण हमीपत्र, बँकेचे पतपत्र किंवा विश्वस्त निधी या रूपांत देता येते.

खरी मेख मोजमापात असते. १५ मीटर उंच कडेचा उतार १:१ वरून २:१ (आडवे : उभे) करायचा आणि वरची माती कापून खाली भरायची, तर कडेच्या दर मीटर लांबीला सुमारे २८ घनमीटर माती हलवावी लागते. उंची दुप्पट झाली की हे काम चौपट होते. सुपीक मातीचेही तसेच. एक हेक्टरवर ३० सेंटिमीटर थर म्हणजे ३,००० घनमीटर, साधारण १,०६० ब्रास. ती माती खाणीच्या कडेला राखून ठेवली असेल तर डोझरने पसरता येते. विकून टाकली असेल, तर पाच ब्रासच्या डंपरच्या दोनशेहून अधिक खेपा बाहेरून आणाव्या लागतात. पाणी लागलेला खोल खड्डा पूर्ण बुजवणे सहसा परवडत नाही, कारण भरायचा माल विकला गेलेला असतो. मग काठ उतरते करून तळे ठेवतात. लागवड कागदावर एका ओळीत उरकली जाते, पण रोपे जगेपर्यंत पाणी, तण काढणे आणि निरीक्षण काही वर्षे चालते.

भारतात लोहखनिजासारख्या प्रमुख खनिजांसाठी केंद्रीय नियमांत तारणाचा हेक्टरी ठोक दर आहे. २०२१ च्या दुरुस्तीनंतर तो ‘अ’ वर्गातील (यंत्रचलित किंवा जास्त मजुरांच्या) खाणींना ५ लाख, तर ‘ब’ वर्गातील (बाकीच्या) खाणींना ३ लाख रुपये झाला. हिशेबाला हे सोपे, पण उथळ खाण आणि खोल खाण त्यात एकाच मापाने मोजली जाते. खडी, वाळू, मुरूम ही गौण खनिजे. त्यांना हे केंद्रीय नियम लागू नाहीत. त्यांचे नियम राज्ये करतात. महाराष्ट्राचे नियम २०१३ चे आहेत.